उतारावर न्यूट्रल नको!

महोदय,

'हायब्रिड घेतली, पण ॲव्हरेज कुठे आहे?' अशी कुरकुर पणजी-मडगाव ये-जा करणाऱ्यांत सर्रास ऐकू येते. गाडीत दोष असेलच असे नाही; बऱ्याचदा जुन्या गाडीची सवय नडते.

माइल्ड हायब्रिड नुसत्या विजेवर धावत नाही. पट्ट्याने इंजिनाला जोडलेली आयएसजी मोटर (स्टार्टर आणि जनरेटर एकातच) सिग्नलला थांबलेले इंजिन पुन्हा चालू करते, वेग घेताना थोडा जोर लावते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बॅटरी भरते. मारुतीच्या दोन बॅटऱ्यांच्या प्रणालीतली लिथियम बॅटरी 12 व्होल्ट, 6 ॲम्पिअर-तासांची. एका लिटर पेट्रोलमधल्या ऊर्जेच्या एक टक्काही साठा तिच्यात मावत नाही. म्हणजे ती पुन्हा पुन्हा भरली पाहिजे, आणि नेमके तेच फर्मागुडीच्या किंवा चोर्ला घाटाच्या उतारावर न्यूट्रल टाकणारा होऊ देत नाही. गिअरमध्ये पाय उचलला की पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद होतात, चाकेच इंजिन फिरवतात आणि बॅटरी भरते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन पेट्रोल जाळतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर, तो धोका वेगळाच.

सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसले की मॅन्युअल गाडीचे इंजिन बंदच होत नाही. न्यूट्रल टाका, क्लच पूर्ण सोडा. इथे न्यूट्रल हवाच! सीटबेल्ट लावलेला नसेल, इंजिन थंड असेल, किंवा मे महिन्यात एसी फुल्ल असेल तरीही ते चालूच राहते. आत गारवा आला की ब्लोअर कमी करून रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणे) ठेवावे.

बोनेटखालची दुसरी, लेड-ॲसिड बॅटरी बदलताना स्वस्तातली साधी बसवली तर स्टार्ट-स्टॉपचा ताण तिला सोसत नाही. कंपनीने सांगितलेलीच, हा ताण सोसणारी ईएफबी वा एजीएम प्रकारची घ्यावी. बाहेरून चार्जिंग करताना निगेटिव्ह चिमटा बॉडीच्या अर्थिंगला लावावा. थेट टर्मिनलला लावला तर तिथल्या सेन्सरला आत गेलेला करंट मोजता येत नाही, आणि बॅटरी भरलेली असूनही इंजिन थांबत नाही. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढते, ती पावसाळ्याआधी व नंतर साफ करावी. आयएसजीचा पट्टा चिरकत असेल तर पट्ट्याबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनरही तपासून घ्यावा.

टायरची हवा थंड असतानाच पाहावी, हे काही नवे नाही.

आणि ॲव्हरेज मीटरवरच्या आकड्यावरून ठरवू नये. एकाच पंपावर ऑटो-कटपर्यंत टाकी भरून, तीन-चार टाक्यांचे किलोमीटर भागिले लिटर करावे.

– एक वाचक, फोंडा