बाबा, गाडी बुक करण्याआधी आईला विचारा

पुणे,
22 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "ताई, आज गाडी घ्यायची झाली तर तू परत हीच घेशील का?" मी फोडणी टाकता टाकता "हो, डोळे झाकून" म्हणाले आणि तुम्ही खूश झालात. गाडीच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर तुम्ही ज्यांना ज्यांना विचारलंत त्यांची उत्तरं लिहिली आहेत, त्यात माझाही होकार लिहिला गेला असणार. त्या रात्रीपासून मला चैन नाही. मी खोटं बोलले नाही, पण अर्धंच बोलले. राहिलेलं फोनवर सांगता येत नाही, कारण तुम्ही स्पीकर लावता आणि मग आई काही बोलत नाही. म्हणून हे पत्र. आईला समोर बसवून मोठ्यानं वाचा.

माझ्यापुरता तो "हो" पक्का आहे. 2013 च्या दसऱ्याला तुम्ही ही सेडान, मागे वेगळी डिकी असलेली बुटकी गाडी, घेतलीत. ती बघून, तुमच्याच सांगण्यावरून मी 2016 मध्ये तीच घेतली आणि आजवर मला एकदाही पस्तावा झाला नाही. पेठ नाक्यावरून हायवेला लागलं की ती रस्त्याला धरून जी चालते ते सुख मला दुसऱ्या गाडीत मिळालेलं नाही. आईला गाडी लागते, एसटीत तर ती लिंबू हुंगत बसायची. या गाडीत पुण्यापर्यंत तिला कधी उलटी झाली नाही. गाडी बुटकी, वजन खाली, वळणावर अंग टाकत नाही, म्हणून ते होतं. उंच गाड्या डोलतात असं तुम्ही म्हणता ते उगीच नाही.

आणि 2019 चा ऑगस्ट मी कसा विसरेन? आपल्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. तुम्ही दोन दिवस आधीच, गावभागातले सगळे "एवढं कुठं येतंय" म्हणत असताना, गाडी दारात लावलीत. डिकीत काय काय मावलं ते आई अजून मोजून दाखवते. देव्हारा, दोन्ही पेट्यांतले कागद, लग्नाचे अल्बम, शेगडी, मोठं कुकर, आजीचा पितळी डबा, शिवाय तांदळाचं पोतं. मिरजेला मामाकडे त्या डिकीनं अख्खं घर पोचवलं. शेजारच्या काकांची गाडी दारातच बुडाली. पाणी उतरल्यावर त्यांनी घाईनं सेल मारला, इंजिनात पाणी होतं, आतून सगळं मोडलं. तुम्ही तेव्हापासून गल्लीत प्रत्येकाला सांगता की बुडालेली गाडी आधी बॅटरी काढून ओढून न्यायची, चावी फिरवायची नाही. त्या आठवड्यात गाडीनं घरातल्या माणसासारखी साथ दिली. तिच्यावरची तुमची माया मला कळते.

गाडी आता बदलायची वेळ झाली आहे, यावरही माझं दुमत नाही. रजिस्ट्रेशन 2028 ला संपतं, मग पुन्हा फिटनेस, पुन्हा पर्यावरण कर. गेल्या दोन वर्षांत लिटरमागे पाऊण किलोमीटर अ‍ॅव्हरेज उतरल्याचं वहीत दिसतं. तिथं तुम्ही पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. बाबा, ते तुमचंच इथेनॉल आहे. तुम्ही ज्या साखर कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिलात, तशाच कारखान्यांतल्या मळीचं आणि उसाच्या रसाचं. आता पंपावर वीस टक्के मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे थोडं अंतर घटणारच. शिवाय आपली गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेलीच नाही, आताच्या बनतात.

तर मग माझं अडलं कुठं?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण मिरजेला आईच्या गुडघ्यांचे फोटो काढायला गेलो होतो. मी मागे बसले होते. तुम्ही गाडी लावलीत, उतरलात, दार लावलंत आणि नंबर लावायला पुढं गेलात. नंबर लवकर मिळावा म्हणूनच गेलात, मला माहीत आहे. मी पुढच्या दोन सीटच्या मधून आईला बघत होते. तिनं आधी डावा पाय बाहेर टाकला. मग उजवा पाय हातानं उचलून, साडी सावरत, बाहेर घेतला. एक हात दाराच्या चौकटीवर, एक सीटच्या कडेला. एकदा झोका घेतला, उठवलं नाही. दुसऱ्यांदा घेतला. तिसऱ्यांदा उठली, तर पदर पट्ट्याच्या खाचेत अडकला आणि ती परत खाली बसली. मी धावत गेले तेव्हा म्हणाली, "काही नाही गं, पायाला मुंग्या आल्यात." तिचा चेहरा घामानं डबडबला होता.

ती बसली होती तिथं चार पदरी गोधडी होती. तुम्हाला वाटतं ती थंडीसाठी आहे, मलाही तसंच वाटायचं. आईनं ती दोन वर्षांपूर्वी घातली, सीट उंच व्हावी म्हणून. थोडं वर बसलं की गुडघे कमी दुमडतात. पण मग डोकं वर छताला लागतं म्हणून ती मान तिरकी करून बसते, आणि कमरेचा पट्टा हाडावर न बसता पोटावर चढतो. गाडी कुठं धडकली तर असा वर चढलेला पट्टा पोटात रुततो. मी गोधडी काढायला सांगणार होते, पण मग ती बसणार कशी, म्हणून गप्प राहिले.

दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी टेप घेऊन गाडीपाशी गेले. जमिनीपासून सीट वीस इंच भरली. हे बघितलं तर आपल्या जेवणाच्या खुर्चीपेक्षा जास्तच आहे. मला आधी कळेना की खुर्चीतून आई उठते आणि इथून का नाही. मग पाय आत ठेवून मोजलं. पायाखालच्या मॅटपासून सीटच्या कडेपर्यंत जेमतेम अकरा इंच! म्हणजे बसणं जवळपास पाटावरच, पाय पुढं लांब करून. शिवाय खुर्चीत माणूस तिच्याकडे पाठ करून सरळ बसतो. इथं एक पाय आत, अंग आडवं, डोकं वाकवून, मग सगळं वजन एका गुडघ्यावर. छप्पर पुढं उतरतं आलेलं, त्यामुळे मान वाकवल्याशिवाय सुटका नाही. ही एका कंपनीची चूक नव्हे, सेडान अशीच असते. जे बुटकेपण आईला गाडी लागू देत नाही, तेच तिला आता उठू देत नाही.

तुम्हाला हे बारा वर्षांत का जाणवलं नाही, तेही मला तिथंच कळलं. सीट वर-खाली करायचा खटका फक्त ड्रायव्हरच्या बाजूला आहे. तुम्ही तुमची सीट पार वर घेतलेली आहे. आईच्या बाजूला तो खटकाच नाही, म्हणून गोधडी.

शोरूमवाल्यानं तुम्हाला सांगितलंय ना की आताच्या सेडान उंच आल्यात? त्यात तथ्य आहे. स्लाव्हिया आणि व्हर्टसचं पोट जमिनीपासून 179 मिलिमीटर वर आहे. पाच माणसं बसल्यावर आपली गाडी स्पीडब्रेकरला घासते तशी ती घासणार नाही. पण ती पोटाची उंची झाली. मॅटपासून सीटपर्यंतचं अंतर त्यानं बदलत नाही. पत्रकात छापतात ते डिकीचे लिटर, आणि ते सगळ्यांचे पाचशेच्या वर आहेत. सीटची उंची कुणी छापत नाही.

मग मी वही चाळली. तुम्हाला न विचारता चाळली, माफ करा. तुमचं अक्षर बघत बसले कितीतरी वेळ. 2014, 15, 16, प्रत्येक पौर्णिमेच्या आसपास एक नोंद. "वाडी, सौ. सह." मधेच "औदुंबर", "जोतिबा", "तासगाव गणपती". 2022 मध्ये वाडीच्या चार नोंदी. 2023 मध्ये एक. त्यानंतर वाडी नाहीच. "मिरज दवाखाना", "मिरज दवाखाना", "लग्न, इस्लामपूर (एकटा)". नरसोबाची वाडी आपल्यापासून किती, वीस-पंचवीस किलोमीटर. आई पौर्णिमा चुकवत नव्हती, आणि आता म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घरूनच नमस्कार करते." आपण समजलो की तिला आता दगदग नको वाटते. बाबा, तिला वाडी हवीच आहे. तिला गाडीतून चारचौघांत असं तीनदा झोका घेऊन उठायचं नाही.

तुम्ही किती जणांना विचारलंत! कॉलनीतले, बँकेतले, मामा, मी. परत हीच घ्याल का? सगळे हो म्हणाले. पण आपण सगळे चालवणारे आहोत. बारा वर्षं जी डावीकडं बसली तिला कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

आई, तू रागावू नकोस मी हे सगळं लिहिलं म्हणून. तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. बाबांना गाडी प्रिय, आपल्यामुळं त्यांचं मन कशाला मोडा, असं तुझं असतं. बाबांनी तुझ्यासाठी दसऱ्याला दारात गाडी उभी केली तेव्हा तू तिला ओवाळताना रडली होतीस, मी बघितलंय. त्यांना आजही तुझ्यासाठीच गाडी घ्यायची आहे. तू बोलली नाहीस तर त्यांना कळायचं कसं?

बाबा, माझं म्हणणं एवढंच की पाडव्याचं बुकिंग आठ दिवस थांबवा. मी शनिवारी येते. आपण तिघं जाऊ. आई प्रत्येक गाडीत नेहमीच्या साडीत, नेहमीच्या चपला घालून, हातात पिशवी घेऊन पाच वेळा बसेल आणि उतरेल. सेडान आधी दाखवा, माझी हरकत नाही, कदाचित एखादीत जमेलही. मग चार मीटरच्या आतली एखादी उंच गाडी बघू. सीट तिच्या कमरेच्या उंचीला आली की नुसतं मागं टेकून पाय आत फिरवायचे असतात. पण उंच म्हणजे फार उंचही नको, नाहीतर पाय उचलून चढावं लागेल, ते तिला याहून कठीण. डोलण्याची तुमची शंका खरी आहे, म्हणून एक चक्कर माधवनगर रोडनं आईला घेऊनच मारू, तिला मळमळतं का बघू.

पैशाचं सांगायचं तर गेल्या 22 सप्टेंबरपासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के आहे. तुम्ही बघताय ती सेडान साडेचार मीटरची, तिला 40. त्यातून वाचेल त्यात बिनक्लचची घ्या. ही माझी दुसरी विनंती आहे, आणि ती तुमच्या डाव्या पायासाठी आहे. कॉलेज कॉर्नरच्या सिग्नलला तुम्ही गुडघा चोळता, ते मी बघते.

गाडी धडकवून घेतात त्या चाचणीतले सुरक्षेचे तारे मात्र बघूनच घ्यायचे, त्यात तडजोड नको. व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस या तिन्ही सेडानना 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आपल्याकडंही भारत एनकॅपची चाचणी सुरू झालीय. उंच गाडी घेतली तर तिचेही तारे मी आधी बघून ठेवते.

आपली गाडी एक्स्चेंजला देऊ नका. माझी विकून तुमची मी पुण्याला नेते. वहीसकट द्या, पुढचं मी लिहीन. पूर बघितलेली गाडी परक्याच्या दारात उभी राहिलेली मला बघवणार नाही.

शनिवारी सकाळी सहाला निघते, जेवायला घरी. आई, काही करत बसू नकोस, आमटी-भात पुरे. गोधडी सीटवरच राहू दे, ती किती जाड भरते ते मला मोजायचंय. बाबा, तुम्ही टेप आणि वही बरोबर घ्या. आणि त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी पौर्णिमा आहे. मी बुधवारपर्यंत रजा टाकली आहे.

तुमची,
ताई