डोक्याला रुमाल, हातात लगाम

महोदय,

राणी एलिझाबेथ म्हटले की मुकुट आणि वसाहती आठवतात, आठवायलाही हव्यात. माझ्या मनात मात्र घोडावेडी आई-आजी आहे. चौथ्या वर्षी आजोबांनी पेगी नावाचे शेटलँड तट्टू दिले, ते वेड नव्वदीनंतरही सुटले नाही. हेल्मेटचे मात्र नाव नको, डोक्याला रुमालच! (आपल्या पुण्यातही अशा स्कूटरवाल्या आज्या आहेत.)

१९८१ मध्ये लंडनला राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात गर्दीतून कोणीतरी पिस्तुलाचे कोरे बार काढले. राणीची घोडी बर्मीज बिचकली. बाईंनी लगाम आवरला, तिची मान थोपटली आणि चालू लागल्या.

लेक ॲन १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत उतरली. नात झाराने २०१२ मध्ये लंडनला सांघिक रौप्य मिळवले आणि पदक गळ्यात घातले ते आई ॲननेच. पुढच्याच वर्षी आजीच्या एस्टिमेट घोडीने ॲस्कॉट गोल्ड कप ही नामांकित शर्यत मारली.

२०२२ मध्ये अंत्ययात्रा विंडसरला पोचली, तेव्हा एमा हे त्यांचे काळे तट्टू वाटेकडेला उभे होते. खोगीर रिकामे, वर बाईंचा रुमाल. मला ते दृश्य टीव्हीवर धड पाहवले नाही.

– एक वाचक, पुणे