‘अप’ म्हणजे नुसते ‘वर’ नव्हे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी आपल्या दैनिकात नेमाने येते. अमुक स्थानकापासून तमुक स्थानकापर्यंत अप आणि डाऊन मार्गावर इतके ते इतके वाजेपर्यंत ब्लॉक. ठाण्यात राहणारा माणूस ती वाचल्याशिवाय रविवारचा बेत ठरवत नाही. किसननगरमधल्या एका समाजमंदिरात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवते. त्यांतली एक, ऑफिसात हाउसकीपिंगचे काम करणारी, या बातमीचे कात्रण घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, अप म्हणजे वर असं तुम्हीच शिकवलंत. मग मुंबईकडे जाणारी गाडी अप कशी? मुंबई तर समुद्राच्या कडेला.”

मराठी माध्यमाच्या शाळेत मी ३१ वर्षे इंग्रजी शिकवले. ‘अप म्हणजे वर’ हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिले आणि मुलांनी दर वर्षी वहीत उतरवले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते, पण ते वर्गात कधी सांगितले नव्हते. त्यातूनच हे पत्र लिहीत आहे.

रेल्वेच्या भाषेत अप म्हणजे मुख्य ठिकाणाकडे. विलायतेत लंडनकडे जाणारी गाडी अप, लंडनहून निघालेली डाऊन. तीच रीत आपल्याकडे आली आणि लंडनच्या जागी आपल्या मार्गावर मुंबईचे बोरीबंदर आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली देशातली पहिली प्रवासी गाडी आजच्या हिशेबाने डाऊन गाडीच म्हणायची. जमिनीच्या उंचीशी याचा काही संबंध नाही, उलट विरोधच आहे. पुण्याला जाणारी डाऊन गाडी कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडून बोरघाट चढते आणि समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच असलेल्या लोणावळ्याला पोहोचते. अप गाडी तोच घाट उतरून येते. आपण मराठी माणसे उंची पाहून बोलतो: वर घाटावर गेले, खाली कोकणात उतरले. इंग्रज मान पाहून बोलला. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायला जाणारा मुलगा त्यांच्या बोलण्यात ‘अप’ जातो आणि विद्यापीठाने काढून टाकला की तो ‘सेंट डाऊन’ होतो, मग त्याचे घर डोंगरावर का असेना.

आणि आपण त्यात आपली भर घातली ती वेगळीच. बदलापूरहून रोज ठाण्याला कामाला येणारी बाई “मी अप-डाऊन करते” असे म्हणते, तेव्हा त्या दोन शब्दांत ना उंची असते ना मान. असतात रोजचे प्रवासातले तास. हा अर्थ आपल्याकडच्या रोजच्या प्रवासात घडला आहे.

हे सारे कुतूहलापुरते राहिले असते तर पत्र लिहिण्याची गरज नव्हती. पण त्याच संध्याकाळी वर्गातली दुसरी एक बाई थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने तिच्यावर गुदरलेला प्रसंग सांगितला. दीड वर्षापूर्वी एका खासगी रुग्णालयात तिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना हातात कागद दिला, तो सगळा इंग्रजीत. घाईत असलेल्या नर्सने “कागदावर सगळं लिहिलंय” एवढेच सांगितले. औषधांच्या यादीखाली एक ओळ होती: ‘फॉलोअप ५ डेज’. तिची मुलगी तेव्हा नववीत होती. मुलगी हुशार. तिने शब्दकोश काढून दोन्ही शब्द पाहिले. फॉलो म्हणजे अनुसरणे, अप म्हणजे वर. तिने आईला समजावले, “वर जे लिहिलंय ते पाच दिवस पाळायचं.” आईने वर लिहिलेल्या गोळ्या पाच दिवस, एकही न चुकवता, घेतल्या आणि सहाव्या दिवशी कामावर गेली. पाच दिवसांनी पुन्हा दाखवायला जायचे होते हे त्या घरात कोणालाच कळले नाही. टाक्यांत पू झाला. पुन्हा दाखल व्हावे लागले, आणखी आठ दिवस रुग्णालयात गेले, महिनाभराचा पगार बुडाला. मुलगी अजून त्याचे मनाला लावून घेते, असे ती म्हणाली.

संपादक महोदय, त्या मुलीने काय चूक केली? शाळेने जे शिकवले तेच तिने केले. दोन शब्दांचे दोन अर्थ घेतले आणि त्यांची बेरीज केली. पण इंग्रजीतले हे छोटे शब्द बेरजेने चालत नाहीत. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हार मानणे. ‘ब्रिंग अप’ म्हणजे मूल वाढवणे, बोलता बोलता एखादा विषय काढणे आणि पोटातले अन्न ओकून टाकणेसुद्धा. ‘मेक अप’ तर भांडण मिटवण्यालाही म्हणतात, खोटी गोष्ट रचण्यालाही, बुडालेला अभ्यास भरून काढण्यालाही. आपल्याला मात्र त्यातला एकटा चेहऱ्याचा मेकअप ठाऊक. ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाऊन’ या दोहोंचा अर्थ एकच, वेग कमी करणे. छोट्या शब्दांचा पसारा किती असतो याचे एकच उदाहरण देते: ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या तीन अक्षरांच्या शब्दाखाली ४३० अर्थ नोंदलेले आहेत. मुलांनी ते पाठ करायचे म्हटले तर शाळा संपेल, शब्द संपणार नाही.

म्हणून पाठांतराचा मार्ग खरा नव्हे. खरा मार्ग आपल्याच भाषेतून जातो, हे मला निवृत्तीनंतर या बायकांना शिकवताना उमगले.

आपला ‘वर’ घ्या. तो तरी एका अर्थाचा कुठे आहे? आजोबा वर गेले म्हणजे माडीवर गेले की देवाघरी, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळते. वरकमाई, वरवरचे बोलणे, वरचेवर येणे, वरचढ होणे, माझ्यावर रागावणे, पन्नाशीच्या वर जाणे. ‘चोर तो चोर, वर शिरजोर’ यात तर वरचा अर्थ ‘शिवाय’ असा आहे. या बायका दिवसभरात हे सगळे अर्थ न अडखळता वापरतात. आणि कुठे कुठे दोन्ही भाषा अगदी एका रस्त्याने चालतात. “आता सगळं तुझ्यावर आहे” हे आपण जसे म्हणतो, तसेच इंग्रज म्हणतो, ‘इट्स अप टू यू’. हे वाक्य मी फळ्यावर लिहिले तेव्हा अर्थ सांगावा लागला नाही.

जिथे आपला ‘वर’ चालत नाही तिथे दुसरे काहीतरी तेच काम करत असते. उठणे, उगवणे, उचलणे, उकरणे, उपटणे, उघडणे. या सगळ्यांच्या सुरुवातीचा ‘उ’ पाहा. संस्कृतातला ‘उद्’ म्हणजे वर, तो झिजून आपल्या क्रियापदांच्या तोंडाशी बसला आहे. इंग्रजीत तेच काम ‘अप’ शेपटाकडून करतो: गेट अप, लिफ्ट अप, डिग अप, ओपन अप. आपले ‘वर’ पुढे शिवलेले, त्यांचे मागे बांधलेले. वर्गात हे सांगितले तेव्हा एकीने विचारले, “म्हणजे उठणेमध्ये अप आधीपासूनच आहे?” हो, आहे. म्हणूनच ‘वर ऊठ’ असे आपण म्हणत नाही.

पण ‘इट अप’, ‘ड्राय अप’, ‘यूज अप’ यांत वर जाणारे काहीच नाही. तिथे ‘अप’ म्हणजे पुरते, शेवटापर्यंत. याला आपल्याकडे टाकणे आणि जाणे आहेत. खाऊन टाक, सुकून गेले, संपून गेले. हा अर्थ ‘वर’मधून कसा निघाला असेल? मी तो नळाखालच्या हंड्याने समजावते. हंडा भरू लागला की पाणी वर वर येते, काठाशी आले की झाले, पुरे. वर येणे आणि पुरे होणे हे तिथे एकच. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक ‘टाइम इज अप’ म्हणतात, त्याचा ‘वेळ वर आहे’ असा अर्थ लिहिलेल्या उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत. त्या मुलांना मी लाल शाईने चूक दिली, पण पापाचा घडा भरला, दिवस भरले, घटका भरली, हे त्यांच्याच आजीच्या तोंडचे शब्द आठवून दिले असते तर तो ‘अप’ त्यांना जन्मभर पुरला असता. आज मला त्या लाल खुणांचे वाईट वाटते.

आता त्या कागदावरचा ‘फॉलोअप’ पाहा. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, पाठपुरावा. पाठ म्हणजे मागे जाणे, आणि पुरावा हा पुरवणे, पुरे करणे यातला. ‘फॉलो’ची पाठ झाली, ‘अप’चा पुरा झाला. महानगरपालिकेत पाण्याच्या अर्जाचा पाठपुरावा करावा लागतो हे किसननगरच्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. मग दुखण्याचाही पाठपुरावा करायचा असतो, डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन, हे त्या शस्त्रक्रिया झालेल्या बाईला एका क्षणात कळले. ती म्हणाली, “बाई, हे एवढंच होतं?”

भाषेच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे, जी मला फार मोलाची वाटते. इंग्रजीतला ‘अप’ आणि संस्कृतातला ‘उप’ हे एकाच प्राचीन मुळाचे फुटवे आहेत. उपनगरातला, उपस्थितमधला, आपल्या कचेरीतल्या उपसंपादकांमधला तो ‘उप’. त्याचा एक अर्थ ‘जवळ’ असा आहे. ‘ही केम अप टू मी’ म्हणजे तो माझ्या जवळ आला, यातही तोच अर्थ डोकावतो. आणि आपला ‘वर’ हा ‘उपरि’ पासून आलेला, म्हणजे तोही याच घराण्यातला. ज्या शब्दाला परका म्हणून आपली मुले घाबरतात तो दूरच्या नात्यातला निघतो.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. हेतू चांगला होता आणि मी त्याच्या बाजूची होते, आजही आहे. पण नववी-दहावीच्या मुलांना अजून गाइडमधली शंभर-दीडशे वाक्प्रयोगांची यादी दिली जाते, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एकेक मराठी शब्द. ती यादी परीक्षेपुरती टिकते. पाठीमागची चित्रे कोणी सांगत नाही: हंड्यातले पाणी, उठणेमधला ‘उ’, टाकणे आणि जाणे.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली रुग्णालयांना. घरी सोडतानाच्या कागदावर इंग्रजीत जे लिहायचे ते लिहा, पण त्याखाली मराठीत एक ओळ छापा: ‘पुन्हा दाखवायला येण्याची तारीख’, आणि पुढे तारीख घाला. कागद तोच, रबरी शिक्क्याचे काम आहे. दुसरी विनंती आपल्याला. आपल्या दैनिकात विद्यार्थ्यांसाठी जी जागा असते तिथे आठवड्यातून एकदा एका छोट्या इंग्रजी शब्दाला अर्धा रकाना द्या. यादी नको. एक शब्द आणि त्याचे मराठी नातेवाईक, एवढेच. ‘अप’नंतर ‘ऑफ’, ‘आउट’, ‘गेट’, ‘रन’ असे कितीतरी आहेत, आणि त्यांच्यासमोर उभे करायला आपल्याकडे ‘लागणे’ आहे: भूक लागते, गाडी लागते, निकाल लागतो, ठेच लागते, नोकरी लागते, आणि ही मुलगी तुमची कोण लागते असेही आपण विचारतो.

त्या बाईची मुलगी आता अकरावीत आहे. गेल्या आठवड्यापासून ती आईबरोबर वर्गाला येऊन मागच्या बाकावर बसते. तिने वहीच्या पहिल्या पानावर ‘फॉलोअप’ लिहिले आहे आणि समोर ‘पाठपुरावा’. खाली बरीच जागा मोकळी ठेवली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)