तक्रार: ‘पिवळं न पडणारं’ रेझिन ड्रॉवरमध्येच पिवळं पडल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला, म्हणून हे पत्र. साच्यात फुलांवर ओतायचं ते रेझिन काय, ते घट्ट व्हावं म्हणून त्यात मिसळायचा तो हार्डनर काय, हे तुम्हाला सांगत बसत नाही. माल तुमचा आहे. बॅच नंबर दर फोनला वाचून दाखवला आहे, कुठेतरी लिहून घेतला असेलच.

मी फुलापानांचे दागिने करते. पळस, बहावा, संत्र्याच्या सालीचे काप, नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वेचलेल्या पिंपळपानांच्या जाळ्या. यंदा प्रथमच कडुलिंबाचा मोहोर घेऊन पाहिला: ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांत वाळवायचा, चिमट्याने एकेक फूल साच्यात ठेवायचं. पळस-बहाव्यात रेझिन थोडं पिवळलं तरी खपून जातं. मोहोरात आणि जाळीत नाही खपत. डब्यावर ‘पिवळं पडत नाही’ असं ठसठशीत छापलंय, म्हणूनच जास्त पैसे देऊन तुमचं घेतलं.

नव्या बाटलीतला हार्डनर बिनदुधाच्या चहाच्या रंगाचा निघाला. आधीच्या बाटलीतला नितळ होता. अमाइन रसायनांचा असा हार्डनर जुना झाला, हवा लागली की रंग धरतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असावं. त्यात बाटलीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं नेमक्या त्या जागी वरून दुसरं स्टिकर! मी वापरण्याआधी फोन केला. ‘रंग असाच असतो मॅडम, सेट झाल्यावर नितळ होतं, बिनधास्त वापरा.’ तुमच्या शब्दावर वापरलं. लग्नाच्या ऑर्डरचे कानातले आणि पेंडंट, सगळे पिवळे. उन्हात नव्हते. ड्रॉवरमध्ये होते.

आता आजचा फोन. फोटो पाहून तुमचे प्रतिनिधी म्हणाले, ‘फूलच पिवळं आहे ना?’ म्हटलं, कडुलिंबाचं आहे, पांढरं असतं. त्यावर ते म्हणाले, ‘कडुलिंबाला फुलं येतात?’ येतात हो, दरवर्षी येतात. मग म्हणाले, ‘नागपूरला ऊन फार, त्याचा प्रॉब्लेम असेल. पुण्या-मुंबईहून अशी तक्रार नाही.’ मी पुन्हा सांगितलं, ड्रॉवर. ते म्हणाले, ‘हो, पण ऊन फारच ना तिकडे.’ मी विचारलं, मग डब्यावर ‘नागपूरकरांसाठी नाही’ असं का छापत नाही? यावर होल्डचं संगीत. बराच वेळ. परत आले ते उपाय घेऊन: ‘मॅडम, असं करा, अँटिक लूक म्हणून विका. आजकाल चालतं.’

अँटिक लूक. तुमच्या वरिष्ठांनी सुचवलं की यांचं स्वतःचं डोकं, ते कळवा. नवरीला मी काय सांगू, की कंपनीने पुरातन वस्तू भेट दिली आहे?

वजनात चूक असेल असंही ऐकवलं. दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर, डिजिटल काट्यावर, तुमच्याच पत्रकाप्रमाणे. फुलातला ओलावा म्हणाल, तर फूल न घालता नुसतं रेझिन ओतलेली चकतीही पिवळीच आहे. आधीच्या बाटल्यांत थोडं उरलं होतं, त्याची चकती त्याच दिवशी, त्याच खोलीत, शेजारच्या साच्यात ओतली. ती आजही नितळ. दोन्ही चकत्यांचा एकत्र फोटो मेलवर दोनदा पाठवला. उत्तरात ‘आपला दिवस आनंदात जावो’ आलं. आणि ते स्टिकर! त्याबद्दल एकानेही अवाक्षर काढलेलं नाही. ‘उघडलेला माल परत घेत नाही’ एवढं मात्र सगळ्यांना पाठ. न उघडता रंग कसा कळणार होता, तेही शिकवा.

वाईट याचं वाटतं की नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना मी तुमचंच नाव सांगत आले. स्वस्तातलं घेऊ नका गं, म्हणायचे. आता त्याच चकत्या त्यांच्यापुढे ठेवणार आहे, बाटलीसकट.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार करायला मला तुमच्या शहरात यावं लागत नाही. मी राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात ती करता येते, आणि मालाची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ ही पळवाट शोधू नका. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याला तो कायदा ग्राहकच मानतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करणार आहेच. तिथे तरी कडुलिंब माहीत असेल.

रेझिन-हार्डनरचे पूर्ण पैसे परत हवेत. वाया गेलेल्या ऑर्डरची भरपाई हवी. आणि स्टिकरखाली कोणता महिना, कोणतं वर्ष आहे, ते लेखी हवं. फोन करू नका. लेखीच कळवा.

तुमची आजपर्यंतची ग्राहक,
नागपूर