बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

निशी-कासाई, टोकियो
डिसेंबर

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम जय भीम.

चित्राचा फोटो पाठवला तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "यात बुद्ध कुठे आहे?" आणि आई म्हणाली, "एवढ्या बर्फात ही माणसं निघालीत कुठे?" दोन्ही प्रश्न मुळाला हात घालणारे आहेत. फोनवर घाईघाईत काहीतरी सांगायचं नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी निवांत लिहायला बसले आहे. चित्र ऑफिसमधल्या मित्राबरोबर पाठवलंय, त्याचा भाऊ ते घरी आणून देईल.

आधी चित्रात काय आहे ते सांगते, कारण मोबाइलवर नीट दिसलं नसेल. हे हिरोशिगे नावाच्या चित्रकाराचं, १८५६ सालचं. एदो शहरातल्या नामांकित ठिकाणांची शंभराहून जास्त चित्रं त्याने केली, त्यातलं हे एक. एदो म्हणजे आताचं टोकियो. आसाकुसा भागातलं सेन्सोजी हे इथलं फार जुनं बौद्ध मंदिर, किनऱ्यूझान हे त्याचंच दुसरं नाव. चित्रकार मंदिराच्या बाहेरच्या वेशीत उभा राहून आत बघतोय. वर अर्धाच मावलेला भलामोठा लाल कंदील, शेजारी लाल लाकूडकाम. त्या चौकटीतून पांढरी वाट दिसते, बर्फाने लदलेली झाडं दिसतात, छत्र्या धरून चाललेली माणसं दिसतात. वाटेच्या टोकाला दुसरा लाल दरवाजा आणि उजव्या हाताला पाच मजली पागोडा. माणसं अगदी लहान काढलीत. कंदील मात्र एवढा मोठा, की आपणही त्याच्याच खाली उभे आहोत असं वाटतं.

आई, ही माणसं निघालीत कान्नोनकडे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. इथे सांगतात, की इसवी सन ६२८ मध्ये सुमिदा नदीवर दोघे भाऊ मासे धरत होते, तेव्हा त्यांच्या जाळ्यात कान्नोनची छोटी मूर्ती आली. गावच्या प्रमुखाने ती आपल्या घरात बसवली, आणि पुढे तिथे मंदिर उभं राहिलं. ती मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत. शेकडो वर्षं लोक येतात, बंद पडद्यासमोर हात जोडतात आणि परत जातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. आता तिथे उभं राहिलं की वाटतं, माणसं मूर्ती बघायला येत नसून एकमेकांच्या शेजारी उभं राहायला येत असावीत.

आणि हे नुसतं एका गावाचं मंदिर नाही. टोकियोच्या आसपासच्या मुलखात कान्नोनच्या तेहेतीस मंदिरांची एक वारी आहे, तिला बांदो म्हणतात. कामाकुरातल्या सुगिमोतो मंदिरापासून निघायचं आणि समुद्राकाठच्या नागो मंदिराशी संपवायचं, सगळं मिळून सुमारे १३०० किलोमीटर. सेन्सोजी हे त्यातलं तेरावं, आणि टोकियो शहरातलं एकमेव. तेहेतीसच का, तर सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथात अवलोकितेश्वर लोकांना सोडवायला तेहेतीस रूपं घेतो असं आहे. क्योतो-ओसाकाच्या बाजूला आणखी तेहेतीस, आणि चिचिबूच्या डोंगरात चौतीस. झाली शंभर. यात्रेकरू बरोबर एक वही ठेवतात. प्रत्येक मंदिरात तिच्यावर लाल शिक्के मारून वर काळ्या शाईने, कुंचल्याने मजकूर लिहून देतात.

ज्यांना एवढं चालणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी एदोत एक तीन मजली इमारत बांधलेली होती. गोहयाकू राकान मंदिरातली. शंभर ठिकाणच्या शंभर कान्नोन मूर्ती तिथे एका छपराखाली मांडलेल्या, आणि शंखासारख्या फिरत्या वाटेने वर चढत जाता जाता सगळ्यांचं दर्शन व्हायचं. आज ती इमारत नाही. पण होकुसाई हा त्या काळचा दुसरा मोठा चित्रकार आणि हिरोशिगे, दोघांनीही तिचं चित्र करून ठेवलंय. आई, पंढरीची वाट चालणाऱ्या शेजारच्या काकूंना हे नक्की सांग. त्यांना आवडेल.

आता बाबांचा प्रश्न.

बाबा, औरंगाबादच्या विद्यापीठामागच्या डोंगरातली सातवी लेणी आठवते ना? आत शिरण्याआधी डाव्या-उजव्या भिंतींवर मोठ्या मूर्ती आहेत. त्यातल्या एका शिल्पात मधोमध उभा अवलोकितेश्वर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार छोटी दृश्यं. आग लागलीय, दरोडेखोर आलेत, कोणी बेड्यांत अडकलंय, जहाज बुडतंय, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, आणि मृत्यू. प्रत्येक ठिकाणी घाबरलेली माणसं त्याच्याकडे वळलीत. ती लेणी साधारण सहाव्या शतकातली. जवळपास त्याच संकटांची यादी जपानमध्ये कान्नोनचं सूत्र म्हणून रोज मोठ्याने म्हणतात. कान्हेरीच्या एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, आणि अकरा मुखांची कान्नोन इथल्या कितीतरी मंदिरांत आहे. त्या आसाकुसाच्या गर्दीत मला परकं वाटत नाही ते यामुळे.

तुम्ही म्हणाल, पण आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, संकटातून सोडव म्हणून आपण कोणाला साकडं घालत नाही. खरं आहे. मीही तिथे काही मागत नाही. कोपऱ्यात उभी राहून त्रिसरण म्हणते आणि निघते. माझी ओढ चित्रातल्या दुसऱ्याच गोष्टीकडे आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तरही तेच आहे. तो पागोडा बघा.

पागोडा म्हणजे उंच वाढलेला स्तूप. आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या लेण्यांत बुद्धाची मूर्ती नव्हतीच, स्तूप होता. स्तूप दिसला की बुद्ध तिथे आहे असं मानायचे. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाच्या डोक्यावर लाकडी छत्र आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. ते दाखवायला तुम्ही आम्हाला मुद्दाम नेलं होतंत, आणि ते लाकूड अजून कसं टिकलं यावर तिथल्या पहारेकऱ्याशी किती वेळ बोलत बसला होतात! तेच छत्र देश ओलांडत इथे आलं आणि पागोड्याच्या टोकावरच्या नऊ कड्यांचा खांब झालं. या चित्राची सगळी गोष्ट त्या टोकाशी आहे.

११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदोत मोठा भूकंप झाला. घरं पडली, ठिकठिकाणी आगी लागल्या, हजारो माणसं गेली. सेन्सोजीचा पागोडा उभा राहिला, पण वरचा तो कड्यांचा खांब वाकला. शहरात कुठूनही दिसणारं टोक वाकडं झालेलं लोक रोज बघत होते. पुढच्या वर्षी त्याची दुरुस्ती झाली. हिरोशिगेच्या चित्रावर सरकारी तपासनिसाचा शिक्का आहे तो १८५६ च्या सातव्या महिन्याचा, म्हणजे दुरुस्ती उरकल्यानंतर लगेचचा. त्यांच्या जुन्या पंचांगाचा सातवा महिना म्हणजे आताचा साधारण ऑगस्ट. चित्रात मात्र बर्फ! अभ्यासक म्हणतात, की चित्रकाराला टोक सरळ झाल्याची आनंदाची बातमी द्यायची होती, आणि लाल-पांढरा रंग जपानमध्ये शुभकार्याचा. लाल मंदिर, पांढरा बर्फ. मला हे पटतं. चित्रात ते टोक ताठ उभं आहे, कडी एकावर एक सरळ. ज्यांनी ते कित्येक महिने वाकडं पाहिलं होतं त्यांनी दुकानात हे चित्र हातात घेतलं असेल तेव्हा त्यांची नजर आधी तिथेच गेली असणार.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हिरोशिगे हा एदोच्या आग विझवणाऱ्या दलातल्या माणसाचा मुलगा. वडिलांच्या मागे ती नोकरी त्याच्याकडे आली आणि कित्येक वर्षं ती त्याच्या घराण्यात राहिली. जळणारं शहर त्याला चांगलं माहीत होतं. पण या मालिकेत त्याने मोडलेलं शहर दाखवत बसण्यापेक्षा उभं असलेलं, उभं राहत असलेलं शहर काढलं. मालिका सुरू केली त्याच वर्षी त्याने मुंडण करून भिक्षूची वस्त्रं घेतली. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, तो वारला.

बाबा, आता तुमच्या सुतारकामातलं. हे चित्र रंगवलेलं नाही, लाकडी ठशांवरून छापलेलं आहे. चित्रकार पातळ कागदावर कुंचल्याने रेखाटन करायचा. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि रेषा सोडून बाजूचं लाकूड पटाशीने काढायचा. म्हणजे मूळ रेखाटन कोरण्यातच संपायचं. हिरोशिगेच्या हातचा कागद गेला, कोरणाऱ्याच्या हातची फळी उरली. चेरीचं लाकूड का, तर कठीण, बारीक आणि एकसारखं. केसाएवढी रेषही त्यात तुटत नाही. फळी झाडाच्या उभ्या रेषांच्या दिशेने कापलेली असते, आडवी नाही. मग प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. सगळे रंग एकमेकांवर बरोबर बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात गुण्यासारखी एक खाच आणि कडेला दुसरी सरळ खाच. कागद तिथे टेकवला की हलत नाही. यंत्र कुठलंच नाही. ओलसर कागद ठशावर ठेवून पाठीमागून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीने हाताने घासायचं. रंग पाण्यातला, त्यात भाताची खळ.

आकाश वरून गडद आणि खाली येता येता फिकं होत गेलंय ना, ते दरवेळी हाताने केलेलं. ओल्या फळीवर रंग पसरून पुसत आणायचा आणि लगेच छापायचं. म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. आणि बर्फ कुणी छापलेलाच नाही. जिथे बर्फ आहे तिथे कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद तसाच मोकळा ठेवलाय. कोरणाऱ्याने किती जपून ती जागा सोडली असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

चित्रावर चित्रकाराचं नाव आहे, प्रकाशकाचंही, उओया एइकिची. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव अशा चित्रांवर बहुतेक वेळा नसतं. सुताराची मुलगी म्हणून मला हे लागतं. तुम्ही केलेल्या दारांवरही कुठे नाव नाही.

तुम्हाला पाठवलेली प्रत जुनी नाही. आजच्या कारागिरांनी त्याच पद्धतीने पुन्हा कोरून हाताने छापलेली आहे. कपडा फिरवू नका, ओल्या हाताने धरू नका, आणि ऊन येतं त्या भिंतीला लावू नका, रंग उडतात. चौकट तुम्हीच करा. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घाला. कागद साधारण ३६ सेंटीमीटर उंच आणि २४ रुंद आहे. सागवानाचा तुकडा पडला असेल तर तोच वापरा.

चित्रातलं आज काय उरलंय? लाकडाचं असं जवळजवळ काही नाही. कंदिलाची ती वेस १८६५ च्या आगीत जळाली आणि पंचाण्णव वर्षं तिथे वेसच नव्हती. १९६० मध्ये मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतीच्या देणगीतून ती परत उभी राहिली. मंदिर आणि पागोडा १९२३ च्या महाभूकंपातून वाचले. पण १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले, त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली आणि ही दोन्हीही जळून गेली. मुख्य मंदिर १९५८ मध्ये काँक्रीटमध्ये बांधलं, पागोडा १९७३ मध्ये. बाबा, त्या नव्या पागोड्यात श्रीलंकेच्या इसुरुमुनिया विहारातून आलेला बुद्धधातू, म्हणजे बुद्धाचा अवशेष, ठेवलाय. म्हणजे तो खराच स्तूप आहे.

एक फरक मात्र तुम्ही स्वतः येऊन बघायला हवा. वेशीतून आत बघताना चित्रात पागोडा उजवीकडे आहे. पुन्हा बांधताना तो पश्चिमेच्या बाजूला घेतला, त्यामुळे आज तो डावीकडे दिसतो. चित्राचा फोटो हातात धरून त्या कंदिलाखाली उभं राहिलं की दोन्ही मिळून एकशे साठ-सत्तर वर्षं नजरेसमोर येतात.

कोयासान नावाच्या डोंगरावरच्या बौद्ध विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. तुम्ही याल तेव्हा तिथेही जाऊ. ओसाकाहून रेल्वे, मग दोरावरची गाडी, मग बस. आईच्या गुडघ्यांना झेपेल असं मी बघून ठेवते. आसाकुसाला पहाटे जायचं, दुकानं उघडायच्या आत. तेव्हा सगळी वाट मोकळी असते.

आई, पासपोर्टसाठी तुझ्या जन्मतारखेचा दाखला लागेल. शाळा सोडल्याचा दाखला लोखंडी पेटीत खाली, पिवळ्या पाकिटात आहे. दादाला सांग, याच आठवड्यात अर्ज भरून टाक म्हणावं.

तुमची लेक