नावं विचारायची राहूनच गेली

बाबांचा अन्ननलिकेचा कॅन्सर खूप पुढे गेला होता. पाण्याचा घोट घेतला की खोकल्याची उबळ यायची. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडलं होतं. गिळलेलं सगळं, अगदी लाळसुद्धा, फुफ्फुसात उतरत होतं. आवरणाचा स्टेंट, म्हणजे अन्ननलिकेत आतून बसवायची जाळीची नळी, टाकून ते भोक झाकलं. यानं कॅन्सर बरा होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरांचे आभार.

रात्रपाळीच्या सिस्टर, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच का ठेवायची, पोटातल्या नळीतून फीड, म्हणजे पातळ अन्न, सावकाश कसं सोडायचं, मग पाण्यानं नळी कशी धुवायची, हे तुम्ही न कंटाळता तीनदा दाखवलंत. आणि ओल्या कापसानं बाबांचे सुकलेले ओठ पुसणारे वॉर्डातले मामा! स्टेंटनंतर बाबा चमचाभर पाणी न खोकता प्यायले, तेव्हा तुमचेही डोळे भरून आले होते.