दोष नशिबाचा की बापाच्या घाईचा?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शेक्सपिअरच्या 'रोमिओ-ज्युलिएट' नाटकावरचा लेख वाचला. लेखकाने सगळा दोष नशिबावर टाकला, ते काही पटलं नाही. ज्युलिएटचं मरण खोटं आहे, हे कळवायला निघालेला निरोप्या साधू प्लेगच्या संशयावरून कोंडला जातो, चिठ्ठी मांटुआ शहरात हद्दपार असलेल्या रोमिओला पोचत नाही, हे खरं. पण वेळ एवढा कमी का पडला? रोमिओशी गुपचूप लग्न केलेली ज्युलिएट दुसऱ्या लग्नाला नकार दिल्याची खोटी माफी मागते, अन् बाप हरखून पॅरिस नावाच्या सरदाराशी ठरवलेलं गुरुवारचं लग्न बुधवारवर आणतो. त्यामुळे मेल्यासारखं झोपवणारं औषध तिला एक रात्र आधीच प्यावं लागतं. हे ग्रहताऱ्यांनी केलं नाही, घरच्या कर्त्या माणसानं केलं.

तिसऱ्या अंकाचा शेवट पाहा. पोरीला चौदावं वर्षही पुरं झालेलं नाही. बाप म्हणतो, भीक माग, उपाशी राहा, रस्त्यावर मर. आई म्हणते, तुझं तू बघ. लहानाची मोठी केलेली दाई म्हणते, पहिला नवरा रोमिओ विसर, ह्या पॅरिसशी लग्न लाव. भरल्या घरात तिच्या बाजूनं बोलणारं एकही माणूस उरत नाही. दोन घराण्यांचं वैर तर आहेच, पण ती खरी हरते ती स्वतःच्या घरात. आमच्या भागात पोरीच्या सोयरिकीची बैठक ज्यानं पाहिली, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा अन् त्यातल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांनी यंदा हे नाटक झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात आणावं. बापाचं काम मात्र तगड्या नटाकडेच द्यावं.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. गडचिरोली